काकूंना सांगता येईल असं उत्तर

दिल्लीत धोलपूर हाउसमध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखत मंडळासमोर मी न डगमगता बसले, ते पुण्यातल्या शनिवार पेठेतल्या एका जोडप्यामुळे. नाना निवृत्त मंडल अधिकारी, काकू सातवी शिकलेल्या. त्यांच्या माडीवर मी कॉट बेसिसवर राहत होते.

मुख्य परीक्षेचा निकाल लागला आणि बरोबरीच्या मुली अभिरूप मुलाखतींना धावल्या. मीही जाऊन आले. खुर्चीत कसं बसावं, किती हसावं, साडी कुठल्या रंगाची असावी, हे तिथे कळलं. नानांनी मात्र आधी माझा डीएएफ, म्हणजे सविस्तर अर्ज, मागितला. एकूण २,०२५ गुणांपैकी २७५ या मुलाखतीचे, आणि तिथले कितीतरी प्रश्न उमेदवाराने स्वतः भरलेल्या याच अर्जातून निघतात. तलाठ्याने सातबारा वाचावा तसा नानांनी तो ओळीओळीवर बोट ठेवून वाचला.

‘‘म्हसवड. पाऊस का पडत नाही गं तुमच्याकडे?’’

‘‘दुष्काळी पट्टा आहे, नाना.’’

‘‘हे नाव झालं. कारण सांग.’’

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्या माण तालुक्यात ५००च्या आसपास. सह्याद्री चढताना ढग रिते होतात आणि आमच्या वाट्याला वारा येतो. पर्जन्यछाया शाळेत पाठ केली होती. आमच्या आटलेल्या विहिरीशी ती जोडून सांगायला नानांनी लावलं.

मग ‘वडिलांचा व्यवसाय’ आला. मी ‘पशुपालन’ लिहिलं होतं. ‘‘मेंढरं कुठली? माडग्याळी का दख्खनी? लोकर कोण घेतं?’’ लोकरीचं मला सांगता येईना. ‘‘वडिलांना फोन लाव. आत्ता.’’ त्या संध्याकाळी दादांनी, म्हणजे वडिलांनी, सांगितलं ते कुठल्याही नोट्समध्ये नव्हतं. दख्खनी मेंढीची लोकर राठ, घोंगडीलाच चांगली. घोंगडीचं गिऱ्हाईक तुटलं तशी कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटेना, आता कळप मटणाच्या भावावर चालतो. त्यांच्या धंद्याबद्दल इतकं खोदून आजवर कुणी विचारलं नसावं. बोलता बोलता दादांचा आवाज खुलला. नानांचं सगळ्यात मोठं ऋण मला हेच वाटतं.

काकूंचं काम वेगळं. ही परीक्षा १९७९पासून मराठीतून लिहिता येते आणि मुलाखतीलाही मराठी निवडता येते. तेव्हा मधे दुभाषी असतो. नानांनी काकूंना दुभाषी केलं. मी उत्तर द्यायचं आणि काकूंनी ते नानांना पुन्हा सांगायचं. त्या अडखळल्या की उत्तर बाद. ‘‘एवढं लांबण लावलंस की मी पहिलंच विसरते बघ, बाळा,’’ असं भाजी निवडता निवडता म्हणायच्या. माझी वाक्यं आखूड झाली. पुस्तकी शब्द गळाले. एवढी अचूक तालीम कुठल्याही क्लासात मिळाली नसती.

नानांचा आणखी एक हट्ट होता. ‘‘माहीत नाही, हे उत्तरच आहे. ते खालमानेनं द्यायचं नाही.’’ वारसनोंदींच्या आणि हद्दीच्या वादात साहेबांपुढे आवाज बसलेली माणसं त्यांनी नोकरीभर पाहिली होती. माझा आवाज वाक्याच्या शेवटी पडला, की ते तिथेच थांबवायचे.

दिल्लीत मेंढ्यांवर विचारलं, घोंगडीवरही विचारलं. दादांचं सांगणं मी माझ्या तोंडून सांगितलं. चलनधोरणावरच्या एका प्रश्नाला ‘माहीत नाही, सर’ म्हटलं, अध्यक्षांकडे बघत. ते मान हलवून पुढे गेले. लेखी परीक्षेतले गुण मंडळापुढे नसतात. त्यांच्यापुढे होता माझा अर्ज आणि मी. अंतिम यादीत माझं नाव आलं.

तहसीलीत, जिल्हा परिषदेत, पोलिसात आयुष्य काढून निवृत्त झालेल्यांना माझं सांगणं आहे. तुमच्या गल्लीत, शेजारच्या अभ्यासिकेत मुलाखतीचं पत्र हातात घेऊन बसलेलं एखादं खेड्यातलं पोर असेल. त्याला घरी बोलवा, त्याचा अर्ज मागून घ्या आणि पहिला प्रश्न त्याच्या गावावर विचारा.