चित्रातला घोडा आणि खिशातला फोन

काव्यशास्त्राच्या वर्गात श्रीशंकुकाचा अनुमितिवाद आला की चित्रतुरगन्याय हमखास येतो. चित्रातला घोडा पाहून 'हा घोडाच आहे' असे आपण म्हणत नाही, 'हा घोडा नव्हे' असेही म्हणत नाही. 'घोडा असेल की नसेल' असा संशय आपल्याला पडत नाही आणि 'हे घोड्यासारखे काहीतरी दिसते' अशी तुलनाही आपण करत बसत नाही. या चारही ज्ञानांहून निराळी अशी ती प्रतीती असते, आणि नटाला राम म्हणून पाहणाऱ्या प्रेक्षकाची प्रतीतीही याच जातीची, असे शंकुकाचे म्हणणे. त्याचा मूळ ग्रंथ आज हाती नाही. अभिनवगुप्ताने खंडनासाठी का होईना, ते मत नोंदवून ठेवले म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले. विद्यार्थी हा न्याय पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि विसरतात. गेले वर्षभर मात्र हा घोडा आमच्या विभागात रोज उभा आहे, आणि त्याला आणणारा कोणी काव्यशास्त्राचा अभ्यासक नसून संगणकाच्या क्षेत्रात गेलेला आमचाच एक माजी विद्यार्थी आहे.

आम्ही मराठी विभागातले तिघे अध्यापक जुन्या मराठीतील शब्दांचा एक छोटा कोश भ्रमणध्वनीवर आणू पाहत आहोत. 'लीळाचरित्र' किंवा 'ज्ञानेश्वरी' वाचताना पानापानाला अडणाऱ्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी तो आहे. कारण ग्रंथालयातले जाडजूड कोश संदर्भविभागाबाहेर जात नाहीत आणि वाचणारा अडतो तो बहुधा रात्री, घरी. माजी विद्यार्थ्याने ॲप लिहून दिले आणि आपल्या लॅपटॉपवर फोनच्या आकाराची एक खिडकी उघडून दाखवली. तिच्यात घड्याळ होते, बॅटरीचे चिन्ह होते, आमचा कोशही होता. नव्हता तो फक्त फोन. याला इम्युलेटर म्हणतात. फोनमधली यंत्रणा कशी वागेल याची नक्कल करणारा हा एक प्रोग्राम असतो. आम्ही त्याला अनुकारक म्हणू लागलो. या अनुकारकाला खोटा कॉल करता येतो, त्याची बॅटरी पाच टक्क्यांवर आणता येते, इंटरनेटचा वेग मुंगीइतका करता येतो आणि लॅपटॉप जागचा न हलवता फोन पणजीला 'नेता' येतो. ॲपलच्या फोनांसाठीची अशी जी खिडकी असते तिला इम्युलेटर न म्हणता सिम्युलेटर म्हणतात, कारण ती फोनच्या प्रोसेसरची नक्कल करत नाही, मॅकच्याच प्रोसेसरवर चालते. संज्ञांचा हा काटेकोरपणा आमच्या समीक्षेत असता तर बरे झाले असते. असो.

अनुकरणाची ही हकीकत जुनी आहे. १९७५च्या जानेवारीच्या अंकात 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० हा छोटा संगणक झळकला. तेव्हा बिल गेट्स हार्वर्डमध्ये शिकत होता आणि पॉल ॲलन बॉस्टन परिसरात नोकरी करत होता. या यंत्रासाठी बेसिक ही भाषा आम्ही देतो, असे या दोघांनी त्याच्या निर्मात्यांना कळवले. आणि त्यांच्यापाशी आल्टेअर नव्हता, त्यातला इंटेल ८०८० हा प्रोसेसरही नव्हता. ॲलनने प्रोसेसरची माहितीपुस्तिका समोर ठेवून हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर ८०८०सारखा वागणारा एक प्रोग्राम लिहिला, आणि त्या नकलेवर त्यांनी बेसिक घडवले. नटाने राम पाहिलेलाच नाही, मग तो अनुकरण कोणाचे करतो, असा आक्षेप अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांच्या नावे शंकुकावर घेतला जातो. ॲलनचे उत्तर सरळ होते : पुस्तिकेचे.

पुढचा भाग आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. कागदी पट्टीवर उतरवलेला प्रोग्राम घेऊन ॲलन विमानाने अल्बुकर्कीला निघाला आणि वाटेत त्याच्या ध्यानात आले, की पट्टीवरचा मजकूर आल्टेअरच्या रिकाम्या स्मृतीत उतरवून घेणारा छोटासा प्रोग्राम लिहायचा राहूनच गेला आहे. नकलेवर त्याची गरज कधी पडली नव्हती, कारण तिथे बेसिक आधीच घरात होते. त्याला दार लागत नव्हते. ॲलनने विमानातच तो तुकडा लिहिला. अल्बुकर्कीला खऱ्या यंत्राने पहिल्यांदाच बेसिक चालवले आणि दोन अधिक दोनचे उत्तर चार दिले. म्हणजे प्रोसेसरची नक्कल निर्दोष होती. उणीव होती ती उंबरठ्यावर, जिथे प्रोग्राम आणि यंत्र यांची प्रत्यक्ष गाठ पडते तिथे. (अँड्रॉइडच्या बाबतीत तर बिंबाआधी प्रतिबिंब आले. विकासकांसाठीचा संच इम्युलेटरसह नोव्हेंबर २००७मध्ये मिळू लागला. पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला तो ऑक्टोबर २००८मध्ये.)

नकलेला कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. मराठीच्या दृष्टीने तिचा एक उपयोग तर असा, की तो खऱ्या फोनाने सहजासहजी व्हायचा नाही. बाजारातून केव्हाच गेलेल्या अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्या तिच्यात पुन्हा उभ्या करता येतात. वापराची भाषा म्हणून मराठी निवडण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१४च्या पाचव्या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या अगदी जुन्या फोनांवर देवनागरी जोडाक्षरे धड जुळत नसत. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे उदाहरण आपण सारे शुद्धलेखनाच्या तासाला देतो : एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. जुन्या यंत्रणेत हा आडवा अर्धा र नीट जुळत नाही. पाय मोडलेला र वेगळा पडतो आणि 'या' शेजारी पोरका उभा राहतो. आणखी गंमत 'ॲ' या अक्षराची. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८मध्ये. ज्या फॉन्टात ते नाही तिथे त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. म्हणजे 'ॲप' हा शब्दच ॲपला लिहिता येत नाही. हे सारे आम्ही खुर्चीवरून न उठता पाहिले आणि दुरुस्त करून घेतले. स्वतःचा फॉन्ट सोबत बांधून देणे हा त्यावरचा उपाय.

लॅपटॉपवर सगळे सुरळीत चालू लागल्यावर ॲप अकरा जणांच्या फोनांवर गेले. विद्यार्थी, कार्यालयातले एक कारकून, ग्रंथालयातले मामा आणि आम्ही. पहिल्याच दिवशी एका विद्यार्थिनीने सांगितले, "सर, माझ्या फोनवर 'दऱ्या' सापडत नाही." शेजारच्या मुलाच्या फोनवर तोच शब्द सापडत होता. दोघांनी टंकलेला शब्द डोळ्यांना तंतोतंत सारखा होता, पण यंत्राच्या लेखी ते दोन शब्द होते. आडवा र दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याच्या 'ऱ'चा पाय मोडून, किंवा साध्या 'र'नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. कोणता कळफलक कोणता मार्ग घेईल हे फोनधारकाने कोणता कळफलक बसवला आहे त्यावर ठरते. इम्युलेटरवर आमचा प्रोग्रामर एकाच कळफलकाने, एकाच पद्धतीने टंकत होता. त्यामुळे तिथे हा पाठभेद संभवतच नव्हता. ज्यांनी पाठचिकित्सा शिकवली आहे त्यांना यात नवल वाटू नये. एका प्रतीवरून पाठभेद कळत नाहीत. पोथ्या गोळा कराव्या लागतात, त्याही वेगवेगळ्या घरांतून. शोधण्याआधी दोन्ही रूपे एक करून घेण्याची व्यवस्था आता झाली आहे.

मामांचा फोन जुना आहे, त्याची काच तडकलेली आहे आणि साठी जवळ आल्यामुळे त्यांनी अक्षरांचा आकार सर्वांत मोठा ठेवला आहे. कोशातल्या प्रत्येक शब्दाखाली 'अर्थ' असे बटण होते. बटणाची उंची ठरीव, अक्षर वाढलेले. त्यामुळे वरचा रफार छाटला गेला. मामा माळकरी, वारी न चुकवणारे. त्यांनी विचारले, "सर, प्रत्येक शब्दाखाली 'अथ' लिहिलंय. इथनं काय सुरू होतंय?" आम्ही पोटभर हसलो, पण कोशातून नेमका अर्थच जाऊन अथ तेवढे उरावे, ही गोष्ट विनोदावारी नेण्याजोगी नव्हती. अक्षरे मोठी करण्याची सोय इम्युलेटरमध्येही आहे. पण ती कोणीतरी मुद्दाम करावी लागते. आणि पंचविशीतल्या, चष्मा नसलेल्या मुलाला ती करण्याचे काही कारण पडत नाही. अनुकारक विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर देतो. मामांचा फोन न विचारलेले प्रश्न खिशात घेऊन येतो.

रोज सकाळी सात वाजता एक शब्द पाठवण्याची योजना होती. खिडकीतल्या फोनवर तो सातच्या ठोक्याला येई. खऱ्या फोनांवर कोणाला नऊला आला, कोणाला ॲप उघडल्यावर, दोघांना आलाच नाही. स्वस्थ पडलेल्या फोनला झोपवण्याची पद्धत अँड्रॉइडमध्ये २०१५पासून आहे, त्यावर काही उत्पादक बॅटरी वाचवण्याचे आपले कडक नियम लादतात, आणि २०२२च्या तेराव्या आवृत्तीपासून अशा सूचनांसाठी वापरणाऱ्याची परवानगी लागते. सातचा हट्ट आम्ही सोडला.

सर्वांत अवघड प्रसंग जागेचा. आमच्या एक सहकारी मॅडम खड्या, स्वच्छ आवाजाच्या. त्यांनी तीन आठवडे खपून प्रत्येक शब्दाचा उच्चार ध्वनिमुद्रित केला होता, आणि त्यामुळे ॲप चांगलेच फुगले होते. इम्युलेटरवर जागा हवी तेवढी ठरवून घेता येते. तालुक्याहून एसटीने येणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या फोनने मात्र 'जागा अपुरी' असे सांगितले. तिने आम्हांला विचारले, "सर, गावाकडचे फोटो काढून टाकू का?" त्या फोटोंत तिची आजी होती, हे ती दाखवताना कळले. नकलेतल्या फोनला आजी नसते. साहित्याच्या सिद्धान्तात आपण अभिप्रेत वाचकाविषयी पुष्कळ बोलतो, आणि तो बहुधा निवांत बसलेला, भरपूर जागा असलेला वाचक असतो. एखाद्या शब्दाच्या उच्चारासाठी आजीचा फोटो पुसायला सांगण्याचा अधिकार कोशकाराला नाही, असे आमचे ठाम मत झाले. मॅडमना ते पटले नाही. 'ळ' कानावर पडल्याखेरीज जुनी मराठी कळणार कशी, हा त्यांचा मुद्दाही खोटा नव्हता. विभागात त्यावर दोन बैठका झाल्या आणि चहा गार झाला. अखेर ध्वनीचा भाग वेगळा काढला. ज्याला हवा त्याने तो नंतर उतरवून घ्यावा.

मुंबईत २०११मध्ये सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅकसारख्या कंपन्या मांडण्यांवर ठेवलेले हजारो खरे फोन दुरून चाचणीसाठी वापरू देतात, असे प्रोग्रामरने सुचवले. सोय उत्तम आहे, आणि नकलेहून ती सत्याच्या जवळ जाते यात शंका नाही. पण तेही फोन कोणाचे नसतात. त्यांत कोणी कळफलक बदललेला नसतो, उन्हात बसथांब्यावर त्यांच्यावर कोणी डोळे बारीक केलेले नसतात. आम्ही जुने फोन मागायला सुरुवात केली आहे. विभागाच्या कपाटात सध्या चार जमले आहेत, त्यांतल्या एकाची बॅटरी फुगली आहे.

मामांच्या फोनवर आता 'अर्थ' रफारासकट दिसतो. त्यासाठी बटणाची उंची अक्षराबरोबर वाढू दिली, आणि मोठ्या अक्षरांत त्यामुळे सगळा पडदा ओबडधोबड झाला, अशी आमच्या प्रोग्रामरची तक्रार आहे. इम्युलेटरवर पाहिले तर त्याचे म्हणणे खरे आहे.