काळी जागा राहू द्या

पडदा काठोकाठ भरला म्हणजे चित्र पूर्ण दिसलं, असं मी कित्येक वर्षं मानत आलो. ते चूक होतं, हे आज मोकळेपणी सांगतो.

कॉलेजात असताना आमच्या फिल्म सोसायटीने गावातल्या थिएटरात प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ लावला होता. पडद्यावर दोन्ही बाजूंना काळी जागा सुटलेली पाहून मी केबिनमध्ये धावलो. ‘मामा, पडदा भरा,’ म्हणालो. ऑपरेटरमामांनी प्रोजेक्टरच्या गेटमधली पत्र्याची चौकट काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि दुसरी, कमी उंचीची, शेजारी धरली. ‘ही घातली तर डोकी जातील, दादा.’ मी ऐकलं नाही. त्यांनी चौकट बदलली, लेन्सही बदलली. पडदा भरला. तुकारामांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनिसांचं कपाळ कापलं गेलं, आणि मला ते खटकलंही नाही.

बऱ्याच वर्षांनी तोच चित्रपट पुण्यात त्याच्या मूळ चौकटीत पाहिला. शेवटी तुकारामांना घेऊन गरुडविमान वर निघतं तेव्हा त्याच्या माथ्यावर आभाळ उरलेलं होतं. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी ते मोजूनमापून ठेवलेलं, आणि मी ते कापायला लावलं होतं.

तेव्हाच्या बोलपटांच्या चौकटीची रुंदी उंचीच्या साधारण १.३७ पट असे. १९५३ मध्ये ‘द रोब’ या चित्रपटाबरोबर सिनेमास्कोप हे रुंद चौकटीचं तंत्र आलं, पडदे रुंद झाले. जुनी फ्रेम उंचीच्या १.८५ पट रुंद चौकटीत बसवायची तर वरून-खालून मिळून उंचीचा चौथा हिस्सा झाकावा लागतो. उलट गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा आपला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. जुन्या चौकोनी टीव्हीवर तो पडदा भरून दाखवला की छायालेखक व्ही. के. मूर्तींनी मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या कडाच नाहीशा होत.

काळी जागा म्हणजे वाया गेलेला पडदा नव्हे. छायालेखकाने आपली चौकट जिथे संपवली, तिथून ती सुरू होते. तिकिटाचे पैसे आपण पडद्याच्या मापाचे देत नाही, त्या चौकटीतल्या चित्राचे देतो.

आज चौकट कापून पडदा भरण्याचं काम टीव्हीच्या रिमोटवरचं एक बटण करतं. घरी जुना कृष्णधवल चित्रपट लागला आणि कडेला काळे पट्टे दिसले, तर कृपा करून ते बटण दाबू नका.