चेकलिस्टमधला माणूस

बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता आमच्या सावद्यातून जातो. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा ही केळीच्या पट्ट्यातली गावं याच रस्त्याला लागून आहेत. दिवसभर शेतात कापलेला माल रात्री या रस्त्याला लागतो आणि बऱ्याचदा मालाच्या राशीवर तो भरणारी माणसंही झोपलेली असतात. दमलेली असतात, घर गाठायचं असतं आणि दुसरी गाडी मिळणार नसते. मी याच रस्त्यावर रुग्णवाहिका चालवतो. या भागात सरकारी, खासगी, संस्थांच्या अशा बऱ्याच गाड्या आहेत. त्यातल्या एकीवर माझी उमेदीची वर्षं गेली.

रुग्णवाहिकेचा चालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सायरन आणि वेग येतो. पण आमचं काम मुख्यतः कानांचं असतं. मागे काय चाललंय ते चालकाला दिसत नाही, सगळं ऐकू येतं. बाळंतिणीचं कण्हणं ऐकू येतं. विष घेतलेल्या मुलाचा बाप एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असतो. छातीवर दाब देताना डॉक्टर आकडे मोजत असतात. ते मध्येच थांबले की काय झालं ते समजतं, आणि तरीही मान वळवायची नसते. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर उतरलं की ती माणसं आमच्या आयुष्यातून निघून जातात. वाचलं की गेलं, हे बहुतेक वेळा कळतच नाही. गाडी धुवायची, ऑक्सिजन बघायचा, नोंदवहीतले रकाने भरायचे आणि पुढच्या फोनची वाट बघायची.

जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी महाराष्ट्रात १०८ सेवा सुरू झाली. तेव्हापासून पाड्यावरचा माणूसही हक्काने गाडी बोलावू लागला. किती बाळंतिणी, किती सर्पदंशाचे रुग्ण त्यामुळे वेळेवर पोहोचले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. मदतीला धावून जाणाऱ्यांच्या मनाचं मात्र पुढे काय होतं, हे आपल्याकडे अजून घराच्या चार भिंतींच्या आतच राहिलं आहे. म्हणून मी माझं सांगतो.

१४ फेब्रुवारी २०२१ ची रात्र. धुळ्याकडून रावेरकडे पपई घेऊन निघालेला ट्रक मध्यरात्रीच्या सुमारास यावल तालुक्यात किनगावजवळ उलटला. मालावर बसलेले मजूर मालाखाली सापडले. १५ जण गेले. आभोडा, केऱ्हाळा, रावेर इथली ही माणसं. काही एकाच घरातली. त्यात बायका होत्या आणि लहान मुलंही होती. किनगाव आमच्याकडून फैजपूर, यावल ओलांडून पुढे. आजूबाजूच्या गाड्यांना निरोप गेले, तसा आम्हालाही आला.

अशा ठिकाणी पहिलं काम म्हणजे कोणाचा श्वास चालू आहे ते बघायचं आणि त्याला उचलायचं. ज्याचा थांबला आहे, त्याला ओलांडून पुढे जायचं. हा नियम बरोबर आहे. त्यामुळेच वाचणारा वाचतो. बॅटरीच्या उजेडात आम्ही तेच करत होतो. पायाखाली फुटलेल्या पपयांचा गर आणि बिया, त्यात डिझेल, त्यात माती. पाय घसरत होते. गावातली पोरं उघड्या हातांनी माल बाजूला करत होती. कोणीतरी माझ्या खांद्याला धरून म्हणालं, “भाऊ, अठी पाहा, अठी.” मी पाहिलं, आणि पुढे गेलो.

त्या रात्री माझे हात थरथरले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी गाडी धुतली, आंघोळ केली, जेवलो आणि पाळीवर गेलो. हे मुद्दाम लिहितो, कारण या दुखण्याची ओळख पटायला म्हणूनच उशीर होतो. कामावर माणूस ठणठणीत दिसतो. बिघडतं ते घरी.

काही आठवड्यांनी रात्री एक-दीडला आपोआप जाग येऊ लागली. अंग घामाने भिजलेलं असायचं. बाजारात पपईच्या ढिगाजवळून गेलं की नाकात तो वास शिरायचा आणि पोटात ढवळून यायचं. रस्त्यावर मालावर माणसं बसलेला ट्रक दिसला की मी त्याच्या मागे मागे गाडी ठेवायचो, त्याचं वळण नीट पार पडेपर्यंत श्वास रोखून धरायचो. आमच्या रस्त्यावर असे ट्रक रात्रीतून कितीतरी. घरी भांडं पडलं तरी मी ताडकन उभा राहायचो. पोरांवर खेकसायचो. आणि सख्खे काका गेले तेव्हा खांदा दिला, सगळे विधी केले, पण डोळ्यांत टिपूस आलं नाही. आत काहीच हललं नाही, याची मला त्या आठवणींपेक्षा जास्त भीती वाटली.

आमच्या धंद्यात यावर पहिलं औषध म्हणजे क्वार्टर. पाळी संपली की दोन-चार जण बसतात, कोणी काही बोलत नाही आणि प्यायल्यावर झोप लागते. ती झोप लागते खरी, पण विश्रांती मिळत नाही, आणि काही महिन्यांनी त्या माणसाला दोन दुखणी झालेली असतात. मी अशी चांगली माणसं हातची गेलेली पाहिली आहेत. आईने तिच्या परीने केलं. मीठ-मोहऱ्या उतरवल्या, देवाला नारळ ठेवला, म्हणाली, “अपघाताच्या जाग्यावरून आला, काहीतरी मांगं लागलं रे तुह्या.” तिची माया मी कधीच हलकी मानणार नाही. काहीतरी मागे लागलं होतं, हे तिने सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं.

निर्णय घेतला तो बायकोने. “तुम्ही रोज दुसऱ्याले दवाखान्यात नेता. आता एकदा सोताले न्या.” जळगावच्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ तिनेच घेतली आणि भुसावळमार्गे एसटीने आम्ही दोघं गेलो. गाडी मी चालवायची नाही, हेही तिनेच ठरवलं होतं.

डॉक्टरांनी आधी झोप विचारली, मग वास, मग राग. मग विचारलं, महिन्याच्या वर झालं का? त्यांनी समजावलं ते असं: एवढं भयंकर पाहिल्यावर पहिले काही दिवस झोप उडणं, दचकणं, तेच ते दिसणं हे साहजिक आहे, आणि बहुतेक माणसं आपल्या माणसांच्या आधाराने त्यातून बाहेर येतात. महिना उलटूनही ते हटत नसेल, कामाधामात आणि घरात आडवं येत असेल, तर तो आजार आहे. त्याला पीटीएसडी म्हणतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्ये हे नाव आपल्या अधिकृत यादीत घेतलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल त्यामागे होते. २०१३ च्या नव्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली गेली: अपघात स्वतःवर आलेला नसला, तरी कामाचा भाग म्हणून वारंवार मृतदेह उचलावे लागणारे, असल्या घटनांचे तपशील पुन्हा पुन्हा ऐकावे लागणारे लोक यांनाही हा आजार होऊ शकतो. हे ऐकून मी खुर्चीत सैल झालो. ट्रक माझ्यावर उलटला नव्हता, माझं कोणी गेलं नव्हतं, मग मला काय होतंय, हा प्रश्न मला आतून खात होता. त्याचं उत्तर आधीच कोणीतरी लिहून ठेवलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मनाने बंद करायच्या नसतात आणि त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. त्यासोबत एका मानसशास्त्रज्ञ ताईंकडे बैठका ठरल्या. खरं जड काम तिथे झालं.

ताई म्हणाल्या, “त्या रात्रीच्या आठवणीवर अजून तारखेचा शिक्का पडलेला नाही, म्हणून ती तुम्हाला आजच घडतेय असं वाटतं.” मग ती रात्र क्रमाने सांगायची. फोन आला तिथपासून. कोणत्या बाजूने गेलो, गाडी कुठे उभी केली, आधी कोणाला उचललं. मी सारखा त्या एका जागेवर अडायचो, जिथे मी पाहिलं आणि पुढे गेलो. ताई तिथेच थांबवून विचारायच्या, “पुढे गेलात ते कोणाकडे?” पुढे एक माणूस होता. त्याचा श्वास चालू होता. त्याला आम्ही उचललं होतं, गाडीत घातलं होतं, दवाखान्यात पोहोचवलं होतं. हे सगळं मी केलं होतं आणि माझ्या आठवणीतून ते साफ पुसलं गेलं होतं. बैठकांमागून बैठका झाल्या, तशी रात्र पुढे सरकू लागली, आणि एके दिवशी मी ती उजाडेपर्यंत सांगू शकलो.

वासाचंही तसंच केलं. आधी बाजारात पपईच्या गाडीपासून लांब उभं राहायचं, छाती धडधडली तरी निघून जायचं नाही, ती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. मग थोडं जवळ. धडधड फारच वाढली की आजूबाजूच्या वस्तूंची नावं मनात म्हणायची: काटा, पाटी, दुकानदाराची टोपी, सावद्याची आजची दुपार. शेवटी एक पपई घरी आणली. बायकोने विळी पुढे ओढली आणि मी म्हटलं, मी कापतो. आत काळ्या बिया चिकटून बसलेल्या. हात थांबला. ती काही बोलली नाही, चमचा पुढे केला. मी बिया खरवडून काढल्या, फोडी केल्या आणि पोरांना दिल्या. स्वतः मात्र खाल्ली नाही. पुढे केव्हातरी खाल्ली; ती गोड लागली.

पूर्ण बरा झालो का, असं लोक विचारतात. फेब्रुवारी आला की झोप अजून थोडी विस्कटते. पण आता ती विस्कटणार हे मला आणि घराला माहीत असतं. मी काम सोडलं नाही. हेही सांगायला हवं, कारण ‘डोक्याच्या डॉक्टरकडे गेला म्हणजे नोकरी गेली’ या भीतीनेच आमची पोरं जात नाहीत.

या काळात मी एक शिकलो. मोठा अपघात झाला की साहेब लोक कधी कधी सगळ्यांना एकत्र बसवून ‘काय काय पाहिलं ते बोलून मोकळे व्हा’ म्हणतात. हेतू चांगला असतो. पण घटनेनंतर लगेच, एकाच बैठकीत, सक्तीने बोलायला लावल्याने पुढचा आजार टळत नाही आणि काहींना उलट त्रास होऊ शकतो, हे जगभरच्या अभ्यासांवरून पुढे आलं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका असंच सांगते. तिची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका २०११ मध्ये निघाली. तिचं सांगणं साधं आहे: माणसाकडे बघा, त्याला बोलायचं असेल तर ऐका, आणि जिथे मदत मिळेल तिथे जोडून द्या. पाणी, कोरडे कपडे, घरी एक फोन, आणि पुन्हा चौकशी. ही पुन्हा केलेली चौकशी सगळ्यात महत्त्वाची, कारण दुखणं महिन्याने डोकं वर काढतं आणि तोवर विचारणारे आपापल्या कामाला लागलेले असतात.

मी आता हेच करतो. २२ जानेवारी २०२५ ला आपल्याच जिल्ह्यात परधाडे स्टेशनजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून लोक रुळावर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. तिथे गेलेल्यांत माझ्या ओळखीचा एक तरुण चालक होता. त्या दिवशी मी त्याला काही विचारलं नाही, जेवलास का एवढंच विचारलं. मार्चमध्ये पुन्हा फोन केला आणि झोपेचं विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “दादा, कोठी जावं लागते?” मी सोबत गेलो.

आमच्याकडे तर नोकरीत नसलेलेही हे काम करतात. तापीत, हतनूर धरणाच्या पाण्यात कोणी बुडालं की पोलीस भोई वस्तीतल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना हाक मारतात. प्रेत बाहेर काढून ती माणसं ओल्या कपड्यांनी घरी जातात. रुळावर कोणी गेलं की आधी ट्रॅकमन पोहोचतो. गावात काही झालं की पोलीस पाटील. यांच्या नोंदी पंचनाम्यात साक्षीदार म्हणून असतात. त्यांच्या झोपेची विचारपूस करणारा कागद कुठेच नाही.

आणि कायदा, सोय काहीच नाही असंही नाही. आपत्तीतल्या मानसिक आधाराबद्दल राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला सांगितलं. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन चालू आहे. तिथे रात्री-अपरात्रीही आणि मराठीतूनही बोलता येतं. हा आकडा मी माझ्या गाडीच्या सन व्हायझरला आतून चिकटवला आहे, आमच्या माणसांसाठी.

हे सगळं शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचं तर ते त्याच्या हिमतीवर किंवा त्याच्या बायकोच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. माझी बायको तशी निघाली म्हणून मी वाचलो. सगळ्यांचंच नशीब तसं नसतं. आमच्या रोजच्या चेकलिस्टमध्ये ऑक्सिजन, सक्शन, टायर, डिझेल असे रकाने असतात. ते भरल्याशिवाय गाडी हलत नाही. त्यात चालकाच्या आणि डॉक्टरच्या झोपेचा एक रकाना वाढवा. मोठ्या अपघातानंतर आठवड्याने, महिन्याने आणि वर्षाने त्या माणसाला बोलावून घ्या, त्याची पाळी बदलून द्या आणि उपचाराला गेला म्हणून त्याची नोकरी जाणार नाही हे लेखी द्या. रकाना छापायला फार खर्च येणार नाही. तो वाचायला मात्र एक माणूस नेमावा लागेल. तो नेमा.