मुका साक्षीदार

कळंबहून येरमाळ्याकडे जातांना हंगामांत उंसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. मागें तेथें एका दुचाकीस्वारास ठोकर बसली. बघे पुष्कळ जमले, पण साक्षीस कोणी उभें राहिलें नाहीं. तेव्हां मीं मोटारीच्या पुढील कांचेस, आरशामागें, एक अल्पमोली कॅमेरा बसविला. तो बारा व्होल्टांच्या विजेवर चालतो. चिमुकलें कार्ड भरतांच जुनें चित्रण पुसून नवें टिपतो, धक्का बसल्यास मात्र तेवढा भाग राखून ठेवतो. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणें, प्रमाणपत्र जोडल्यास, असें चित्रण न्यायालयांत पुरावा होऊं शकतें. परंतु विद्यार्थीमित्रांनो, हा साक्षीदार धन्याचा पक्ष घेत नाहीं. माझी घाईही तो तितक्याच निष्ठेनें सांगेल. त्यास सोबत घेणाऱ्यानें आधीं आपलेंच वर्तन सरळ ठेवावें, हें बरें.