पाट अडवणारी गोळी

2007 सालचा जुलै. पेडण्याच्या बाजूला आमच्या शेतात लावणी चालली होती. बाबा दिवसभर गुडघाभर पाण्यात, अनवाणी. टाचांना ह्या एवढ्या भेगा. लावणी संपता संपता त्यांना ताप चढला. डोळे लाल झाले आणि पोटऱ्या अशा दुखू लागल्या की न्हाणीपर्यंत जाववेना. "पावसात भिजलो, आणखी काय!" म्हणत त्यांनी दोन दिवस पेज आणि तापाच्या गोळीवर काढले. मीही ऐकून घेतलं. चूक माझीच.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेतात उतरला होता?" उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेले लेप्टोचे जंतू भेगांतून शिरले असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. रक्त तपासायला पाठवलं, पण अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. सात दिवस, दिवसाला दोन गोळ्या. चौथ्या दिवशी बाबा उठून बसले. एवढीशी गोळी करते तरी काय, ह्याचा शोध मी तेव्हापासून घेऊ लागलो.

प्रत्येक सजीव पेशीत डीएनए ही मूळ पोथी. ती कामाच्या जागी कोणी नेत नाही. लागेल तेवढ्या भागाची नक्कल होते, तिला म्हणतात संदेशवाहक आरएनए. रायबोसोम नावाचं यंत्र ही नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचतं. अशी तीन अक्षरी चौसष्ट पदं आहेत. त्यांतली तीन 'थांबा' सांगणारी, बाकीची एकसष्ट वीस अमिनो आम्लांची नावं. पद वाचलं की ट्रान्सफर आरएनए नावाचा वाढपी नेमकं ते आम्ल घेऊन येतो, ठरलेल्या पाटावर टेकतो आणि आम्ल माळेत ओवलं जातं. माळ पुरी झाली की घडी पडून प्रथिन तयार.

डॉक्सिसायक्लिन जंतूच्या रायबोसोमवर नेमका तोच पाट अडवून बसतं. वाढप्याला टेकायला जागा नाही, माळ तिथेच खुंटते. जंतू लगेच मरत नाही, पण त्याची वाढ थांबते. पुढचं काम आपली प्रतिकारशक्ती करते. रायबोसोम आपल्याही पेशीत आहेत, पण त्यांची घडण थोडी वेगळी. शिवाय जंतू हे औषध आपल्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त आत ओढून घेतो. म्हणून काम बंद पडतं ते त्याचं.

ह्या औषधाचं भावंड टेट्रासायक्लिन रायबोसोमवर कुठे बसतं, ते 2000 साली ज्या गटांनी दाखवलं त्यांतला एक वेंकटरामन रामकृष्णन ह्यांचा. जन्म चिदंबरमचा, पदार्थविज्ञानातली पदवी आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाची. 2009 साली त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा बातमी बाबांना वाचून दाखवली.

"म्हणजे त्या जंतूचा नि माझा कारखाना एकच?"

"जवळजवळ. फरक थोडका."

"मग थोडक्यात वाचलो म्हण की!"

मी आणून दिलेले गमबूट चिखलात रुततात म्हणून पडवीतच राहिले. बाबा दर मिरगाला अनवाणीच उतरत. तुमच्याकडे लावणीच्या दिवसांत कोणाला ताप आला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. आधी शेताचं सांगा.