लैला कोणाची?

यंदा मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचा फॉर्म भरताना मी एका रकान्यापाशी अडकले. लेकीचं नाव, वय, वाद्य, लागणारा वेळ, सगळं भरून झालं. राहिलं ते ‘मूळ रचनाकार’. त्यावरून आमच्या आणि शेजारच्या घरात मिळून दोन आठवडे वाद चाललाय. लेक कीबोर्डवर वाजवणार आहे ‘लैला’ या इंग्रजी गाण्याचा शेवटचा पियानोचा भाग. (हो, दिवाळीत. ‘एखादं भावगीत नाही का बसवता आलं?’ हे सासूबाईंचं व्हिडिओ कॉलवर विचारून झालंय.)

मी मुळात मराठीची एम.ए. इकडे येण्याआधी काही वर्षं शाळेत शिकवत होते. रॉक म्हणजे हॉस्टेलवरच्या मुलांनी काळे टी-शर्ट घालून ऐकायचं काहीतरी, एवढीच माझी समज. अटलांटाला आल्यावर व्हिसामुळे नोकरी करता येईना, लेक शाळेत गेली की घर अंगावर यायचं. अशातच शेजारच्या आजोबांनी गराज आवरायला काढलं आणि जुना रेकॉर्ड प्लेअर व तबकड्यांचं एक खोकं आम्हाला देऊन टाकलं. त्यात एका दोन तबकड्यांच्या पाकिटावर नुसतं बाईच्या चेहऱ्याचं चित्र होतं. पुढच्या बाजूला ना गायकाचं नाव, ना अल्बमचं. ‘हे काय?’ विचारल्यावर आजोबा म्हणाले, “लेला.” मी उघडून वाचलं आणि ओरडलेच, “अहो, ही तर आमची लैला! लैला-मजनूमधली!”

खरंच तीच होती. बाराव्या शतकातल्या निझामी या फारसी कवीने लैला-मजनूची कथा काव्यात बांधली. ते पुस्तक एका मित्राने एरिक क्लॅप्टन या इंग्रज गिटारवादकाला दिलं. तेव्हा क्लॅप्टन पॅटी बॉइडच्या प्रेमात झुरत होता आणि पॅटी होती जॉर्ज हॅरिसनची, म्हणजे त्याच्या जिवलग मित्राची बायको. हॅरिसन म्हणजे रविशंकरांकडे सतार शिकलेला बीटल. दुसऱ्याची झालेली लैला आणि वेडा झालेला मजनू क्लॅप्टनला जवळचे वाटले यात नवल नाही. त्या अल्बममधल्या ‘आय अॅम युअर्स’ या गाण्याला तर निझामीचं नाव गीतकार म्हणून दिलंय. आठशे वर्षांपूर्वीच्या कवीला श्रेय मिळालं, एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

‘लैला अँड अदर असॉर्टेड लव्ह साँग्ज’ हा अल्बम १९७० च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि नोव्हेंबरात बाजारात आला. क्लॅप्टनला स्वतःच्या नावाचा गाजावाजा नको होता, म्हणून बँडचं नाव ठेवलं डेरेक अँड द डॉमिनोज. लोकांना कळेचना हा डेरेक कोण. इंग्लंडमध्ये तेव्हा या अल्बमकडे कोणी फारसं फिरकलंही नाही. आज तो ब्लूज-रॉकमधल्या थोर अल्बमांत गणला जातो आणि लोक त्यावरून अजून भांडतात.

पहिलं भांडण आमच्या कुंपणावरचं. आजोबा जॉर्जियाचे, शाळकरी वयात पीडमाँट पार्कमध्ये ऑलमन ब्रदर्सचे फुकट कार्यक्रम ऐकलेले. त्यांच्या मते हा अल्बम क्लॅप्टनचा नाहीच, ड्यूएन ऑलमनचा आहे. २६ ऑगस्टला मायामीत ऑलमन ब्रदर्सचा कार्यक्रम होता. निर्माता टॉम डाउड क्लॅप्टनला तिथे घेऊन गेला, आणि पाहुणा म्हणून स्टुडिओत आलेला २३ वर्षांचा ड्यूएन १४ पैकी ११ गाण्यांत वाजवून गेला. सर्दीच्या औषधाची काचेची बाटली बोटात अडकवून तो तारांवरून सरकवायचा. त्यातून निघणारे सूर मी प्रथम ऐकले तेव्हा मला मींडच आठवली. सारंगीसारखं रडतं ते. दोन गिटारींचं एकमेकींशी बोलणं आपल्या सवाल-जवाबासारखंच, फक्त इथे कोणी कोणाला हरवायला निघालेलं नाही. ‘की टू द हायवे’ हे जुनं ब्लूज गाणं मंडळी सहज वाजवू लागली, तेव्हा टेप चालूच नव्हता. डाउडने धावपळ करून तो सुरू करायला लावला, म्हणून ते गाणं मधूनच, हळूहळू मोठं होत ऐकू येतं. मला ते फार आवडतं. आपण बैठकीला उशिरा पोहोचावं आणि जिन्यातूनच तान कानावर पडावी, तसं.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं. त्याची लैला म्हणजे १९९२ च्या ‘अनप्लग्ड’मधली, संथ, साधी गिटार घेऊन खुर्चीत बसून म्हटलेली. इंजिनिअरिंगला असताना पुण्यात खोलीवर तीच वाजायची. “मूळ गाण्यात नुसता आरडाओरडा आहे,” असं तो एकदा आजोबांसमोर म्हणाला. त्यानंतर आठवडाभर आजोबांनी आमच्याकडचा चहा घेतला नाही. माझं मत विचाराल तर अनप्लग्डमध्ये गाणं म्हणणारा शहाणा झालाय. मूळ गाण्यातल्या माणसाला घरी जायचा रस्ता सापडत नाहीये. मजनू शहाणा कसा चालेल?

दुसरं भांडण एवढं हसण्यावारी नेता येत नाही. १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून याच क्लॅप्टनने परदेशी आणि काळ्या लोकांना देशाबाहेर काढा, अशा अर्थाचं दारू पिऊन बरळलेलं भाषण केलं. त्याच्या निषेधातून इंग्लंडमध्ये ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. पुढे त्याने त्याची लाज वाटते असं जाहीर म्हटलं. पण ज्या संगीतावर तो उभा राहिला, ते ब्लूज इथल्या दक्षिणेत शेतांवर राबणाऱ्या काळ्या माणसांच्या दुःखातून आलेलं! हे कळल्यावर मी महिनाभर ती तबकडी लावली नाही. परदेशी म्हणजे मीच ना. मग एके दुपारी लावली, ड्यूएनसाठी, असं स्वतःला सांगून. ते पूर्ण खरं नव्हतं.

आता तो रकाना. ‘लैला’ची शेवटची जवळजवळ चार मिनिटं गाणं थांबतं आणि पियानो सुरू होतो. कागदोपत्री ती रचना ड्रमर जिम गॉर्डनची. पण गायिका रिटा कूलिजने २०१६ मध्ये आपल्या आत्मचरित्रात लिहिलं, की ही चाल तिने आणि गॉर्डनने मिळून बांधली होती, तेव्हा दोघं एकत्र होते, आणि क्लॅप्टनला ती त्यांनी ऐकवलीही होती. बँडमधल्या बॉबी व्हिटलॉकनेही तिच्या बाजूने सांगितलंय. तिची बहीण प्रिसिला आणि बुकर टी. जोन्स यांच्या १९७३ च्या अल्बममध्ये ‘टाइम’ या नावाने तीच चाल आहे. ‘लैला’वर रिटाचं नाव आजतागायत नाही. गॉर्डनची कहाणी त्याहून भयंकर. स्किझोफ्रेनियाच्या भरात त्याने १९८३ मध्ये स्वतःच्या आईला मारलं आणि २०२३ मध्ये तो कैदेतच वारला. १९९३ मध्ये ‘लैला’ला ग्रॅमी मिळालं, क्लॅप्टन आणि गॉर्डन या दोन नावांवर, आणि मिळालं अनप्लग्डसाठी, ज्यात तो पियानोचा भागच नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन आठवलं. एका वर्षी नाटिका मी लिहिली होती, चार रात्री जागून. छापील पत्रिकेत लेखक म्हणून भलतंच नाव. मी विचारायला गेले तर उत्तर मिळालं, “बाई, मुलांसाठीच केलंत ना?” मी हसले आणि वर्गावर गेले. नवऱ्यालाही हे परवा, फॉर्म भरताना पहिल्यांदा सांगितलं. तो म्हणाला, “अगं, एवढ्या वर्षांत बोलली नाहीस?” रिटाला ४६ वर्षं लागली, मला बारा.

मागच्या ऑक्टोबरात आम्ही मेकनला गेलो होतो, आजोबांना मागच्या सीटवर बसवून. तिथे रोझ हिल स्मशानभूमीत ड्यूएनला पुरलंय. २९ ऑक्टोबर १९७१ ला त्याच गावात मोटरसायकलच्या अपघातात तो गेला, चोवीस वर्षांचा. आजोबा बराच वेळ टोपी हातात घेऊन उभे राहिले. परतताना गाडीत नवऱ्याने न सांगता मूळ ‘लैला’ लावली. कोणीच काही बोललं नाही.

तर फॉर्मवर मी ‘जिम गॉर्डन, रिटा कूलिज’ असं लिहिलं. आजोबा म्हणाले, कोर्टात सिद्ध झालेलं नाही. नवरा म्हणाला, मंडळाचे लोक विचारतील ही कोण. लेकीने विचारलं, “आई, मग मी वाजवताना कोणाचं नाव सांगू?” मी म्हटलं, दोघांचं सांग, आणि आधी तिचं.