कल आणि कळ

शारजाला जायचं ठरलं तेव्हा आम्ही भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत होतो. तिथे डॉक्टरांचं कसं? आणि भेटेल तो एकच उत्तर देत होता. 'भाषेची कसली फिकीर? तिकडे सगळे हिंदी-उर्दू बोलतात. आणि तू तर उर्दू शाळेतली टीचर!' म्हसळा तालुक्यातल्या आमच्या गावातली निम्मी घरं आखाताच्या पगारावर उभी राहिली आहेत. तेव्हा सांगणारे काही ऐकीव सांगत नव्हते. आम्हीही विश्वास ठेवला. २०१४ साली शाळेतून बिनपगारी रजा काढली, ट्रंकेत चार मसाल्यांच्या बरण्या आणि बी. एड.चं सर्टिफिकेट घातलं, आणि मिस्टरांकडे शारजाला गेलो. ते एका गोदामात स्टोअरकीपर होते.

पहिले काही महिने आमचा तोरा काय वर्णावा! आजूबाजूच्या बायकांना पाटीवरचं इंग्रजी तेवढं वाचता येई, आम्हाला वरची अरबी ओळही लागत असे. हॉस्पिटलला तिथे मुस्तश्फ़ा म्हणतात. शिफा मागायची जागा. दवाखान्याला इयादा. आजाऱ्याच्या भेटीला आपण उर्दूत इयादत म्हणतो, त्यातलाच शब्द. परक्या मुलुखात आपल्याच घरातली भांडी दिसावीत तसं वाटे. एकदा औषधांच्या दुकानात एका खोक्यावर 'इम्साक' वाचलं आणि आम्ही मिस्टरांना मोठ्या थाटात सांगितलं, हे रमजानसाठी दिसतंय, सहरीनंतर पोट शांत राहावं म्हणून. इम्साक म्हणजे सहरी थांबवण्याची वेळ, हे आम्ही दरवर्षी मुलांना तक्त्यावरून शिकवत आलो होतो. काउंटरवरचा मुलगा हसू दाबत म्हणाला, बाजी, ये क़ब्ज़ की दवा है. अरबीत बद्धकोष्ठालाही इम्साकच म्हणतात. त्या दिवशी तोरा थोडा उतरला. थोडाच.

डॉक्टर शोधणं तिथे खरंच अवघड नाही. क्लिनिकच्या पाटीवर डॉक्टरच्या नावाखाली तो कोणत्या भाषा बोलतो ते लिहिलेलं असतं. अरबी, इंग्रजी, हिंदी, उर्दू, मल्याळम, कुठे तगालोग. मराठी मात्र आम्हाला एकाही पाटीवर दिसली नाही. खरं तर त्या शहरात आपल्याकडच्या डॉक्टरांचा शिरकाव जुना आहे. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. झुलेखा दाऊद १९६०च्या दशकात तिकडे गेल्या, शारजात बाळंतपणं करत राहिल्या, आणि १९९२ साली त्यांनी तिथे स्वतःचं हॉस्पिटल उभारलं. आपल्या समाजातली एक बाई नागपुराहून उठून वाळवंटात एवढं करते, हे आम्ही कितीतरी जणींना अभिमानाने सांगायचो. पण आमच्या मिस्टरांच्या इन्शुरन्स कार्डावर जे क्लिनिक होतं, तिथे आम्हाला लाहोरच्या डॉक्टरीण बाई मिळाल्या.

त्या बाईंचं उर्दू ऐकत राहावं असं. २०१५ मध्ये दिवस राहिले तेव्हा आम्ही त्यांच्याकडेच जात होतो. एकदा आम्ही विचारलं की दर्द-ए-ज़ेह सुरू झाल्याचं कसं ओळखायचं? बाई आधी गप्प झाल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, बेटी, ये लफ़्ज़ मैंने नानी के बाद आज सुना. दर्दें लगेंगी तो ख़ुद मालूम हो जाएगा! आम्हीही हसलो. पण घरी येऊन जाणवलं, की कळा येणं या गोष्टीला उर्दूत रोजच्या बोलण्यात काय म्हणतात ते आम्हाला माहीत नव्हतं. आमचं उर्दू पुस्तकातून आलेलं. शाळेत, मुशायऱ्यात, निकाहनाम्यात चालणारं. दुखण्याखुपण्याचे शब्द कधी त्यात आलेच नव्हते. ते घरात अम्मीकडे होते.

जानेवारी २०१६ मध्ये अम्मी आमच्या बाळंतपणासाठी व्हिजिट व्हिसावर आली. तिचा पहिला विमान प्रवास. सोबत डिंकाचे लाडू, अळीव, बाळाची टोपडी, आणि साखरेच्या गोळ्यांची पिशवी. अम्मीच्या भाषांची वाटणी पक्की होती. घरात कोकणी. भाजीवाली, कंडक्टर आणि म्हसळ्याचे डॉक्टर यांच्याशी मराठी. पाहुण्यांशी, मौलवीसाहेबांशी आणि एकूणच 'मोठ्या' माणसांशी उर्दू, तेही जपून, जरीची साडी नेसल्यासारखं. तिला कुठे काय होतंय हे मात्र ती फक्त पहिल्या दोन भाषांत सांगू शकत असे. आणि तिथे तिचा हात धरणारा कोणी नाही. उसण वेगळी, चमक वेगळी, लचक वेगळी. ठणका लागतो तो दाताला किंवा गळवाला. तिडीक कपाळात जाते. मुंग्या येतात, गोळा येतो, उमासे येतात, घेरी येते. आम्ही कधी 'दुखतंय' एवढंच म्हटलं तर ती विचारायची, दुखतंय म्हणजे कसं? म्हसळ्याच्या डॉक्टरांनी पंचवीस वर्षं याच शब्दांवरून तिला औषधं दिली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात 'ळ' कोणी उच्चारत नाही. डोळ्याला डोला, केळ्याला केला. उर्दू लिपीत ळ हे अक्षरच नाही. आम्ही स्वतः तो डी. एड.च्या वर्षी आरशासमोर उभं राहून कमावला, आणि मग आमच्या मुलांना फळ्यावर शिकवू लागलो. अम्मीला त्याची गरजच पडली नव्हती.

मुलगी झाली. चाळीस दिवस व्हायला आले होते. अम्मी सकाळपासून म्हणत होती, जीव घाबरा होतोय, पाठीत उसण भरल्यासारखी वाटते. रात्र रात्र बाळ घेऊन बसते, म्हणून असेल, असं आम्हाला वाटलं. संध्याकाळी तिला जवळच्या एका क्लिनिकमध्ये नेलं. व्हिजिटवर आलेल्याला आमचा इन्शुरन्स लागू नव्हता, तेव्हा रोख पैसे देऊन दाखवायचं होतं. ड्युटीवर पाकिस्तानी डॉक्टर होते. दमलेले, पण सज्जन. ख़ाला जी, बताइए, म्हणाले. आम्हीच बोलायला सुरुवात केली. जीव घाबरा होतो याचं आम्ही केलं 'घबराहट होती है'. उसणीला शब्द सापडेना, म्हणून 'पीठ में मोच'. डॉक्टर मान डोलवत होते. पहिल्यांदा घर सोडलंय, नवी हवा, नवं पाणी. घबराहट तर होणारच.

मग अम्मीने सगळं बळ एकवटून आपल्या जरीच्या उर्दूत सांगितलं, 'डाक्टर साब, सीने में कल आती है.'

छातीचं ती घरी काही बोलली नव्हती. आमच्या मांडीवर बाळ रडत होतं. आणि आमच्यातली टीचर जागी झाली. आम्ही म्हणालो, 'अम्मी, कल आती है नहीं. कल आई थी, बोलो.'

अम्मीने आमच्याकडे पाहिलं. ते पाहणं अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आणि आज्ञाधारक मुलीसारखी म्हणाली, 'कल आई थी.'

'अब तो नहीं है ना?'

'नहीं.'

डॉक्टरांनी लिहून घेतलं. काल छातीत दुखलं, आज नाही. ब्लडप्रेशर पाहिलं, पित्ताची गोळी दिली, झोपेसाठी एक हलकी गोळी दिली. त्यांनी ईसीजी काढायला हवा होता, असं पुढे बऱ्याच जणांनी आम्हाला सांगितलं. असेल. पण त्यांच्यापुढे दुखणं आलं ते आम्ही व्याकरण तपासून दिलेलं होतं. चालू वर्तमानकाळ होता, तो आम्ही भूतकाळ करून टाकला.

रात्री दोन वाजता अम्मीला उलटी झाली. घामाने पोलका चिंब. ॲम्ब्युलन्सचा नंबर ९९८, तो आम्हाला पाठ होता, पण फोन लागला तर काय म्हणायचं तेच सुचेना. शेजारच्या मलबारी भाईंनी गाडी काढली. हॉस्पिटलच्या दारावर लाल अक्षरांत 'तवारी' लिहिलेलं. इमर्जन्सी. वाचता येत होतं. वाचता येण्याचा त्या रात्री काही उपयोग नव्हता.

आत घेणारी नर्स केरळची, चाळिशीच्या आसपासची. ती इंग्रजीत विचारत होती, आम्ही तुटक्या इंग्रजीत पुन्हा तेच, अँग्झायटी, बॅक पेन. अम्मी डोळे मिटून पुटपुटत होती, कल येते गं, कल येते. नर्सचा हात थांबला. ती वाकली आणि म्हणाली, 'अम्मा, कळ? छातीत कळ येते? हातात पण जाते काय?'

असा स्वच्छ ळ आम्ही फळ्यासमोर उभं राहूनही कधी काढला नसेल.

अम्मीने तिचं मनगट धरलं. 'हां बाय, कल. जबड्यात पण.' पुढची दहा मिनिटं कशी गेली ते आठवत नाही. छातीला तारा, कागदाची लांब पट्टी, चघळायला ॲस्पिरिन, रक्त. हार्ट अटॅक होता, आणि तो दुपारपासून चालू होता.

ती नर्स सात वर्षं मुंबईच्या एका हॉस्पिटलात होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला म्हटलं, सिस्टर, तुम्ही किती छान मराठी बोलता. ती म्हणाली, छान काय, वॉर्डात लागतं तेवढंच. दुखते, खुपते, जळजळ, कळ. आणि ळ तर आमच्या मल्याळममध्येच आहे ना!

स्टेंट घालणारे डॉक्टर इजिप्तचे. त्यांच्यात आणि अम्मीत एकच शब्द सामाईक होता. ते राऊंडला यायचे, हात हलवून कसं काय विचारायचे, अम्मी म्हणायची, अल्हम्दुलिल्लाह. तेही म्हणायचे, अल्हम्दुलिल्लाह. दोघांचे चेहरे खुलत. तिसऱ्या दिवशी ते आम्हाला इंग्रजीत म्हणाले, तुमच्या आई फार नेक आहेत, पण या उत्तरावरून मला दुखतंय की नाही ते कळत नाही. तुम्ही विचारा. साखरेच्या रुग्णांत, आणि बायकांत तर जास्तच, हा अटॅक ठरल्यासारखा येत नाही. नुसता घाम, मळमळ, धाप, पाठदुखी अशा वेषातही येतो, हे त्यांनीच समजावलं. आम्ही विचारलं. 'दुखतंय का' असं नाही विचारलं. 'कसं वाटतंय, सगळं सांग' असं विचारलं आणि मध्ये एक शब्द बोललो नाही.

बिलासाठी गावच्या जमातीतल्या पोरांनी पैसे उभे केले. ते फेडायला मिस्टरांना दोन वर्षं लागली.

घरी आल्यावर मिस्टरांनी हट्टच धरला, आता मराठी डॉक्टरच पाहिजे. पाटीवर मराठी लिहिलेलं नसतं, तरी माणसं असतात. किराणा दुकानात ओळख झालेल्या एका पुण्याच्या बाईंनी पत्ता दिला. दुबईत एक डॉक्टर होते, मूळचे सातारा जिल्ह्यातले. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, 'या आई, बसा. कसं वाटतंय?' आम्हाला भरून आलं. आणि अम्मी खुर्चीत ताठ बसून म्हणाली, 'जी डाक्टर साब, अल्लाह का शुक्र है, तबीयत बिलकुल ठीक है.'

आम्ही पायाने खुणावलं. उपयोग नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच. डॉक्टर मराठीत विचारताहेत, अम्मी उर्दूत उत्तर देतेय. बाहेर आल्यावर आम्ही चिडून विचारलं, अगं, त्यांना आपली भाषा येते, मग? ती म्हणाली, 'एवढ्या मोठ्या डाक्टरसमोर घरचं बोलायचं? आणि तूच तर मला उर्दू नीट बोलायला लावलंस.'

यावर आम्ही काय बोलणार!

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. विचारलं, 'आई, तुमच्याकडे आता भातलावणी कशी होते? माणसं मिळतात का?' अम्मी पाच मिनिटं लावणीवर बोलली. मजुरीचे दर, खाचरात उतरलेलं खारं पाणी, माकडांचा त्रास. बोलता बोलता ती म्हणाली, 'पण औंदा मी उतरलेच नाही बघा शेतात. बांध चढताना छातीत कल यायची.'

डॉक्टर शांतपणे म्हणाले, 'केव्हापासून?'

'बकरी ईदपासून.'

म्हणजे सप्टेंबर. शारजाला यायच्या चार महिने आधीपासून. 'म्हसळ्याच्या डाक्टरांना सांगितलं नाही. ते प्रवास नको म्हणाले असते. पोरीचं पहिलं बाळंतपण, तिकडे तिचं कोण आहे?' हे सगळं तिने डॉक्टरांना सांगितलं, आमच्याकडे न बघता. आम्ही शेजारी बाळाला थोपटत बसलो होतो.

२०१८ मध्ये आम्ही परत आलो, शाळेत रुजू झालो. अजूनही मराठीच्या तासाला ळ शिकवतो. मुलं कल म्हणतात, आम्ही कळ म्हणून दाखवतो, ती पुन्हा कल म्हणतात आणि हसतात. पूर्वी आम्ही छडी उगारायचो. आता आधी विचारतो, तुला काय म्हणायचंय? उद्या की दुखणं?

अम्मी गावात आहे, गोळ्या वेळेवर घेते. शारजाहून आल्यावर बायका तिला बघायला जमल्या, तेव्हा कोणीतरी विचारलं, तिकडे डॉक्टरांशी बोलायची पंचाईत झाली असेल ना? अम्मी चहा ओतता ओतता म्हणाली, 'छे गं. तिकडे सगळ्यांना आपली बोली समजते. आणि ही होतीच की सांगायला.'

आम्ही आतून बिस्किटांची बशी आणून ठेवली.